सूज उतरल्यावर

"तुमचीच तीन बोटं घ्या. अशी, एकावर एक. आता घाला तोंडात."

असं म्हणून आमचे डॉक्टर आधी स्वतःचीच तीन बोटं वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी धरून दाखवायचे. बोटं तोंडात असतानाही चेहरा कलेक्टरसारखा गंभीर. खुर्चीतला पेशंट आधी त्यांच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. बायका असल्या तर पदर तोंडावर ओढून हसायच्या.

"हसा, हसा," ते म्हणायचे, "तोंड किती उघडतं तेच तर बघायचंय."

अक्कलदाढ सुजलेल्या माणसाची त्यांच्याकडे पहिली परीक्षा हीच. तीन बोटं गेली तर काळजी नाही. दोन गेली तर गोळ्या, कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, आणि सूज उतरल्यावर दाढ काढायची. एकच गेलं, आणि सोबत ताप असला किंवा गिळायला त्रास होत असला, तर तिथं बसायचंसुद्धा नाही. त्याच दिवशी नांदेडचा मोठा दवाखाना. हा नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला.

त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणं आजही मला जड जातं. तरी चांगलं आधी लिहिते. ते वाचलं नाही तर पुढचं मला का लागलं, हे तुम्हाला कळणार नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची गोष्ट. वसमतला बसस्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. माझे मालक साखर कारखान्यात कामाला. मी बारावी पास, पदरात एक लहान मुलगी. शेजारच्या बाईनं सांगितलं, दाताच्या डॉक्टरला मदतीला कुणीतरी पाहिजे, म्हणून गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रक्त बघून चक्कर येते का?"

"न्हाई. पाल बघून येते."

"पाल आपल्याकडे दात दाखवायला येत नाही. उद्यापासून या, ताई."

त्या 'उद्या'पासून मी तिथं नऊ वर्षं होते. अवजारं उकळणं, एक्स-रेची नखाएवढी फिल्म काळ्या पेटीत हात घालून धुणं, भूल दिल्यावर पेशंटचं डोकं धरणं, सगळं त्यांनी शिकवलं. कधी ओरडले नाहीत. चुकलं तर म्हणायचे, "परत करा. घाई कुणाला आहे?" लोक मला नर्सबाई म्हणायचे. मी नर्स नव्हते, पण ते लोकांना कधी दुरुस्त करायचे नाहीत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आमच्याकडं शेतातली कामं संपली की माणसं दुखणी बाहेर काढतात. हळद शिजवून, वाळवून झाली की दवाखान्याचा जिना भरून जायचा. गाल सुजलेले, आणि त्या गालांवर हळदीचा जाड लेप. डॉक्टर कापसानं तो पुसत म्हणायचे, "अहो, ही बाजारात न्या. गालावर हिला भाव नाही."

प्रत्येकाचं म्हणणं एकच असायचं. "डॉक्टरसाब, लई तकलीफ हाय. आत्ताच्या आत्ता उपटून टाका."

"दाढ कुठं पळून जात नाही. आधी सूज उतरू द्या."

"काहून? दुखून तर आज राहिलंय!"

तेव्हा ते खुर्चीचं पायडल दाबून पेशंटला सरळ बसवायचे आणि शांतपणे विचारायचे, "शेती किती? बरं. मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी औत घालता का रानात?"

"न्हाई. चिखलात कसं घालणार?"

"वाफसा येऊ देता. मग ही दाढ हाडात आडवी अडकलीय, वरून हिरडीत पू भरलाय. आज हात घातला तर भूल धड चढणार नाही आणि घाण आत पसरेल. पाच-सहा दिवस गोळ्या खा. वाफसा आला की मी आहे, तुम्ही आहात, दाढ आहे."

कोणत्याही पुस्तकात हे इतक्या सोप्या शब्दांत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. म्हातारे शेतकरी मान डोलवत जिना उतरायचे.

पण पंचाईत पुढंच होती. सूज उतरली की दुखणं थांबायचं आणि दुखणं थांबलं की माणूस यायचाच नाही. दोन महिन्यांनी परत तोच गाल, तोच लेप. "अहो, सांगितलं होतं ना सूज उतरली की या?" तर उत्तर ठरलेलं, "दुखंना झालं, मग कशाला काढायची म्हटलं."

यावर त्यांनी उपाय काढला. पोस्टकार्डाचा. जे परत आले नाहीत त्यांना ते कार्ड पाठवायचे. पत्ता मी लिहायचे, मजकूर ते. त्यांचा मजकूर म्हणजे तार. "सूज उतरली असेल. वेळ झाली आहे. या."

एकदा एका म्हाताऱ्या पाटलांच्या घरी हे कार्ड पोस्टमननं अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिली ओळ पावसानं पुसली होती. उरलं ते एवढंच, 'वेळ झाली आहे. या.' घरात रडारड सुरू झाली. पाटील स्वतः दुसऱ्या दिवशी टांग्यातून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, काढा बापा ती दाढ. पण आसं लिहीत नका जाऊ. बायकोनं लेकींना सांगावा धाडला."

डॉक्टर त्या दिवशी खिडकीकडं तोंड करून खूप वेळ खांदे हलवत हसत होते.

माझीही अक्कलदाढ त्यांनीच काढली. खालची, डावीकडची. सुजली तेव्हा मी हट्ट धरला होता, आजच काढा. घरात लेकरू, सासूबाई, दवाखान्याचं काम. दुखत राहायला मला सवड नव्हती. त्यांनी ऐकलं नाही. अकरा दिवस थांबवलं. रोज सकाळी आल्या आल्या दोन बोटं उलटी करून माझ्या जबड्याखाली दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." बाराव्या दिवशी म्हणाले, "आज." हिरडी कापली, दाढेचे दोन तुकडे केले, एकेक करून काढले. मला फक्त ओढल्यासारखं जाणवलं. टाके घालून झाल्यावर स्वतः खाली जाऊन बर्फ घेऊन आले आणि रुमालात बांधून माझ्या गालाला लावला. एवढ्या मोठ्या माणसानं असं करावं, याचं मला त्या दिवशी रडू आलं होतं. भूल चढली होती म्हणून डोळ्यांतलं पाणी गालावर आल्याचं कळलं नाही. त्यांनीच पुसायला कापूस दिला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांच्या शब्दावर विसंबून आपण पायाखालचा रस्ता बघायचं सोडून देतो.

शेवटच्या दोन वर्षांत ते नांदेडला जायला लागले. तिथं दोघा-तिघांनी मिळून मोठा दवाखाना काढला होता. आधी आठवड्यातून एक दिवस, मग तीन. भागीदाराची पांढरी गाडी त्यांना न्यायला यायची आणि खाली उभी राहून हॉर्न वाजवायची. ते उतरेपर्यंत हॉर्न थांबायचा नाही. 'घाई कुणाला आहे' हे वाक्य दवाखान्यात ऐकू येईनासं झालं. पोस्टकार्डं संपली होती, नवी आणायची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "राहू द्या आता."

आणि मग तो गुरुवार.

धुरपताबाई म्हणून तिशीतली एक बाई आली. माळावरच्या तांड्यावरची. सोबत नवरा, बन्सी. बाईचा उजवा गालच नव्हे, तर हनुवटीखालचा भागही टणक झाला होता. अंग तापलं होतं. नवरा सांगत होता, "चार रोज झाले, नर्सबाई. कालपस्नं भाकर न्हाई, पानी बी न्हाई. थुका बी गिळवंना तिला."

मी तिला बोटं घालायला सांगितली. एकच गेलं, तेही नखापर्यंत.

बन्सी पैसे सुटे करायला खाली गेला. डॉक्टर आतल्या खोलीत बॅग भरत होते. खाली हॉर्न चालू होता. ते बाहेर आले, बाकावरच्या बाईकडं न बघता जिन्याकडं वळले. मी मागं धावले. अर्ध्या जिन्यात त्यांना गाठलं.

"साहेब, तांड्यावरची बाई आलीय. एकच बोट जातंय. ताप हाय, गिळता येत न्हाई तिला. हनुवटीखाली दगडासारखं झालंय."

"गोळ्या सुरू करा. गुळण्या सांगा. सोमवारी बोलवा."

"एक बोट, साहेब."

ते थांबले. मला वाटलं, वर येतात. पण खाली बघत म्हणाले, "ताई, मला कळतं. सगळ्यांना नांदेडला पाठवायचं तर मी इथं कशाला बसलोय?"

नऊ वर्षांत 'मला कळतं' असं ते मला कधी म्हणाले नव्हते. तसं म्हणायची त्यांना गरजच पडली नव्हती.

मी वर आले. केसपेपरवर लिहिलं, 'एक बोट. ताप. गिळायला त्रास. साहेबांना सांगितले.' मग माझ्या हातानं गोळ्यांची पुडी बांधली आणि बन्सी वर आल्यावर त्याला म्हणाले, सोमवारी या. ही माझी चूक आहे. मी ती कधी नाकारली नाही. मला नियम माहीत होता. मी त्या बाईला तशीच खाली नेऊन नांदेडच्या जीपमध्ये बसवायला हवं होतं. पण नियम ज्यांनी शिकवला त्यांनीच सोमवार सांगितला होता, आणि त्यांच्यापुढं माझं स्वतःचं डोकं चालवायची मला सवय नव्हती.

सोमवारी ती आली नाही. तांड्यावरचा एक माणूस निरोप घेऊन आला. शनिवारीच तिला श्वास घेता येईना झाला. जीपमध्ये घालून नांदेडला नेली. तिथं गळ्याला छेद देऊन पू काढला, श्वासासाठी गळ्यातून नळी घातली. जगेल की नाही, सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते तसेच उठून नांदेडला गेले, आणि हे खोटं सांगणार नाही, पुढं रोज गेले. तिच्या खाटेपाशी बसले, तिथल्या डॉक्टरांना धरून आणलं, बन्सीला धीर दिला.

त्याच आठवड्यात तांड्यावरचे पाच-सहा जण दवाखान्यात आले. बरोबर तांड्याचा प्रमुख, त्यांचा नाईक, वयस्कर माणूस. आरडाओरडा नव्हता. नाईकानं सरळ विचारलं, "डॉक्टर, आमच्या लेकीला तुमी बघितलं, मग वापस काहून धाडलं?"

मी अवजारांच्या टेबलापाशी उभी होते. हातात चिमटा होता.

डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी मी इथं नव्हतोच. सकाळीच नांदेडला गेलो होतो. मी असतो तर तिला तासभरसुद्धा इथं ठेवलं नसतं." मग क्षणभर थांबून म्हणाले, "आमच्या बाईंनी परस्पर गोळ्या दिल्या. त्यांना तेवढं समजत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते सोडून. ते टेबलावरची कापसाची बरणी सरळ करत होते.

मी काहीच बोलले नाही. नाईक माझ्याजवळ आला, शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त म्हणाला, "बाई, तुला बी लेकरू हाय ना?" आणि सगळे जिना उतरून गेले.

ते गेल्यावर मी कपाट उघडून केसपेपर शोधला. गुरुवारचे बाकी सगळे होते. तिचा नव्हता.

मी वळले तर डॉक्टर दारात उभे होते. आवाज हळू होता, जवळजवळ विनवणीचा. "ताई, समजून घ्या. माझी पदवी आहे, परवाना आहे. ते गेलं तर मी संपलो. तुमचं काय जाणार? तुमच्याकडं काढून घेण्यासारखं काय आहे?"

त्यांना ते क्रूर वाटलं नसावं. त्यांना ते खरंच वाटत होतं. नऊ वर्षं मी ज्या माणसासमोर उभी राहून काम केलं, त्याच्या लेखी माझ्याकडं काढून घेण्यासारखं काहीच नव्हतं.

मी चिमटा उकळत्या पाण्यात टाकला, हात धुतले, किल्ली ठेवली आणि घरी आले. परत गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

वसमत काही फार मोठं गाव नाही. बाजारात बायका मला बघून बोलायचं थांबायच्या. कारखान्यात माझ्या मालकांना कुणीतरी विचारलं, "वहिनी डॉक्टरी करून राहिल्या म्हणे?" त्या रात्री ते जेवले नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग बोल ना चारचौघांत." मी म्हटलं, कागद नाही, साक्षीदार नाही, कोण ऐकेल?

साक्षीदार होता. दोन महिन्यांनी दुपारी दारात उभा राहिला. धुरपताबाई. एकटीच, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. ती चौकटीशी टेकली होती.

"आत ये," मी म्हटलं.

ती बसली. बोलायला लागली तर आवाज फाटका, कुजबुजल्यासारखा. मला पुढं वाकावं लागलं.

"तू जिन्यात धावली व्हतीस. म्या बाकावर व्हते. समदं ऐकलं."

मी दार लोटून घेतलं. मग विचारलं, "घरी सांगितलंस?"

"सांगितलं. गळ्यातली नळी काढल्यावर पैल्यांदा तेच सांगितलं." ती ओढणीशी चाळा करत राहिली. "मालक म्हनला, गप बस. डॉक्टर रोज येऊन बसला, त्यानं जीव वाचवला तुझा. आता त्याचं नाव घ्यू नको. नाईक बी तेच म्हनला."

"आणि दाढ?"

"काढली. त्यानंच. पंधरा रोज झाले. सूज समदी उतरली तवा." तिनं गाल दाबून दाखवला. मग जरा लाजल्यासारखी म्हणाली, "हात हलका हाय त्याचा, बाई. कळलं बी न्हाई."

मी तिला चहा दिला. गरम गिळताना तिला अजून दुखायचं, म्हणून बशीत ओतून, फुंकून दिला. जाताना तिनं माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती पुन्हा कधी आली नाही. तांड्यावरून तिला एवढं यायलाही काहीतरी कारण सांगावं लागलं असणार.

डॉक्टरांनी वर्षभरात वसमतचा दवाखाना बंद केला आणि नांदेडला कायमचे गेले. मी पुढं अंगणवाडीत लागले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मुलगी बारावी झाली होती, तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आम्ही दोघी वारंगा फाट्यावर नांदेडच्या बसची वाट बघत उभ्या होतो. समोरच्या हॉटेलातून कुणीतरी "ताई!" म्हणून हाक मारली. मी मान वळवायच्या आधीच मला कळलं होतं.

केस पांढरे, खांदे उतरलेले. रस्ता ओलांडून घाईघाईनं आले. डोळ्यांत खराखुरा आनंद. मी पदर सावरला. रागानं तोंड फिरवावं असं मी कितीदा मनात ठरवलं होतं, आणि हातानं मात्र नमस्कार केला.

"ही बाळ? एवढी झाली? काय शिकायचंय?"

"नर्सिंग," मुलगी म्हणाली.

"वा! तुझ्या आईसारखी माणसं मिळत नाहीत हं. पुढं मला एक धड माणूस हाताखाली मिळाला नाही. एक्स-रे तर हिच्यासारखा कुणीच धुतला नाही." ते माझ्याकडं बघून हसले. मग हसू तिथंच थांबलं. ओठ किंचित हलले.

मी वाट बघत राहिले. ट्रक जात होते, धूळ उडत होती. भर रस्त्यात, माझ्या मुलीसमोर, एक वाक्य. मला दुसरं काही नको होतं.

"बरं," ते म्हणाले, "माझी गाडी थांबलीय." मुलीच्या खांद्यावर थोपटलं आणि रस्ता ओलांडून गेले. गाडी वळेपर्यंत काचेतून हात हलवत होते.

"किती चांगले आहेत गं हे," मुलगी म्हणाली. "तुझे दवाखान्यातले डॉक्टर ना?"

बस आली. जागा मिळाली. कांडली की कामठा, कोणतं तरी गाव मागं पडलं तेव्हा मी तिला सांगायला सुरुवात केली, आणि नांदेडच्या पुलापर्यंत सगळं सांगून झालं. ती ऐकत होती. माझ्या हातावर तिनं कधी हात ठेवला ते मला कळलं नाही.

पूल ओलांडल्यावर तिनं विचारलं, "पण आई, ते सगळ्यांसमोर खोटं बोलत होते तेव्हा तू का नाही बोललीस?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलासुद्धा नाही.

"मला वाटत होतं," मी म्हणाले, "आता ते स्वतःच सांगतील."